हिममांत्रिकाचे हातमोजे

आत्याच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: ऑनलाइन गेममध्ये हिममांत्रिक निवडणारी शहाणी, आणि उरलेली. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेली ही बाई रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावायची आणि टोळीबरोबर राक्षसांवर चालून जायची. टोळीतली बाकीची तिच्या निम्म्या वयाची. ती पोरं तिला 'फ्रीज' म्हणत, कारण समोरच्याला जागच्या जागी गोठवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

तिने लहानाचा मोठा केलेला भाचा नेमका त्याच गेमच्या कंपनीत होता. 'मी तिथे झाडं रंगवतो,' असं त्याने तिला सांगितलं होतं. ही शुद्ध थाप. कुणाचा मंत्र किती जोरात लागावा, किती वेळ टिकावा, सगळ्या मांत्रिकांची पारडी सारखी कशी राहावीत, हे बघणं त्याचं काम. ते बाहेर बोलायला कंपनीची बंदी होती. आपल्या लाडक्या मांत्रिकाचे पंख छाटणारा माणूस हाती लागला तर लोक त्याला सोडत नाहीत. घरचे तर मुळीच नाहीत.

आकडे सांगत होते की हिममांत्रिक फारच जिंकतायत. भाच्याने उंटावरून शेळ्या हाकल्या: गोठवण्याचा वेळ निम्मा केला आणि निवांत घरी आला.

"कोण गाढव बसवलाय रे तिथे?" आत्या कडाडली. "राक्षस एक शिंक येईपर्यंतसुद्धा गोठून राहत नाही! तुझ्या ओळखीचा आहे का?"

"मी आपला झाडांकडे असतो," भाचा म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे त्याला चहाही गोड लागेना.

चार शिव्या घालून ती गप्प बसेल, हा त्याचा अंदाज खरा ठरला, आणि तेच वाईट झालं. पुढच्या आठवड्यात तो आला तर हेडफोन खिळ्याला लटकलेले आणि आत्या खिडकीच्या काचा पुसतेय. काचा आधीच लख्ख होत्या.

"टोळीला नवा वीजमांत्रिक मिळालाय," ती काचेकडे बघतच म्हणाली. "पोरं गुणी आहेत, एका शब्दाने बोलली नाहीत. मीच म्हटलं, मला कंटाळा आला."

या बाईला आयुष्यात कशाचाही कंटाळा आलेला त्याने पाहिला नव्हता.

"मग अग्निमांत्रिक घेऊन बघ ना, आत्या. तोही चांगला आहे."

तिने त्याच्या समाधानासाठी घेतला. अग्निमांत्रिकाला एकामागून एक तीन बटणं झटपट दाबावी लागतात. क्रेनचे दांडे ओढून ओढून आत्याची बोटं आखडली होती. पहिलं बटण दाबून दुसऱ्याकडे बोट पोचेपर्यंत लांडगा अंगावर. "अरे थांब जरा!" ती लांडग्याला म्हणाली. लांडगा कशाला थांबतोय?

भाचा पडदा सोडून तिच्या बोटांकडे बघत राहिला. हिममांत्रिक तिने जोरासाठी घेतलाच नव्हता. समोरचा गोठला की बोटांना सवड मिळायची, आणि भाच्याने नेमकी तीच कापली होती. स्वतःच्या हाताने.

पण ऑफिसात जाऊन 'माझ्या आत्याला त्रास होतो' असं सांगणार कसं? त्याची नजर कपाटावर गेली. वर तिचे क्रेनवरचे जाडजूड हातमोजे पडले होते.

"हे नेऊ? आमच्याकडे एसी फार लागतो."

"ने की," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या आग्रहावरून सगळ्या टीमने आळीपाळीने ते हातमोजे घालून, जड झालेल्या बोटांनी गेम खेळला. वीजमांत्रिकांनी आपल्याच माणसांवर वीज पाडली. भाच्याच्या वरिष्ठ बाईंनी अग्निमांत्रिक घेतला आणि स्वतःलाच पेटवून घेतलं. जुना, पूर्ण वेळ गोठवणारा हिममांत्रिक तेवढा शेवटपर्यंत टिकला.

"आपण मांत्रिक मोजत बसलो," बाई हातमोजे उतरवत म्हणाल्या, "बोटं मोजलीच नाहीत. वेळ परत द्या."

इथेच थांबला असता तर आत्या खूश आणि भाचाही सुटला असता. पण चपळ बोटांच्या हातात तोच हिममांत्रिक खरोखरच माजला होता, हेही त्याला ठाऊक होतं. तो बराच वेळ चुळबुळत बसला. मग त्याने गोठवण्याचा वेळ पूर्ववत केला आणि बर्फाचा मार कमी केला. आत्याचासुद्धा.

अपडेट आलं त्या संध्याकाळी तो जरा भीतभीतच तिच्याकडे गेला. हेडफोन आत्याच्या कानांवर होते. टोळीतली पोरं "फ्रीज आली!" म्हणून ओरडत होती, ते बाहेर ऐकू येत होतं. राक्षस गोठला, पण मरायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागला. आत्या घामाघूम झाली, हरता हरता जिंकली आणि खुर्चीत मागे रेलली.

"हातमोजे आणलेस?"

त्याने पिशवीतून काढून दिले. तिने ते उलटेपालटे करून पाहिले.

"झाडं रंगवायला फारच जाड होते, नाही?"

भाच्याचा हात नकळत कानाच्या पाळीकडे गेला.

"मला पहिल्यापासून माहीत आहे. तू थाप मारलीस की कानाची पाळी ओढतोस, शाळेत असल्यापासून."

"मग बोलली का नाहीस? एका शब्दाने सांगितलं असतंस तर..."

"तर तू माझ्यासाठी केलं असतंस," आत्या म्हणाली. "आता सगळ्यांसाठी केलंस. आणि मार कमी केलास ते बरोबर केलंस. मी जरा माजलेच होते."

मग तिने हेडफोन पुन्हा कानाला लावले आणि त्याला हाताने बाजूला सारलं, कारण पुढचा राक्षस आला होता.