कड चेपलेलं काडतूस

मित्रांनो, चिमूरकडच्या रानालगतच्या एका घरात, कोनाड्यात, मी मजेत उभा आहे. मी एक जुनं पितळी काडतूस. घाबरू नका, माझ्या पोटात आता काहीच नाही!

पंच्याऐंशी साली रामाजीभाऊंनी मला भावंडांसह चंद्रपूरहून आणलं. पीक राखायला त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. रानडुकरं धानात शिरली की भाऊ हवेत बार काढत, आणि मग आमची आंघोळ! चिंचेच्या पाण्यात भिजवायचं, काडीला चिंधी गुंडाळून आतली काजळी काढायची, राखेनं घासायचं आणि सुपात ठेवून कडक उन्हात वाळवायचं. मगच भाऊ आम्हाला पुन्हा भरत. काय लखलखायचो आम्ही! मी तर जरा जास्तच.

एकदा मी दगडावर आपटलो. कड चेपली, बंदुकीत बसेना. भाऊंनी मला बाजूला टाकलं. फार वाईट वाटलं हो! पण त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईंनी, मला उचलून तोंडावर फुंकर मारली, आणि मी चक्क शिटी वाजवली! त्यांनी खूश होऊन मला पदराच्या गाठीत बांधलं.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, आली. पाहुणे येणार म्हणून रुखमाबाईंनी पितळी भांडी घासायला काढली, त्यांतच आम्हालाही घासलं. पण घाईत माझ्या भावंडांना वरवर पुसलं, वाळवायचं राहूनच गेलं. भाऊंनी चकाकी पाहिली आणि दारू भरली.

मंडईच्या सकाळी डुकरांचा कळप घरामागच्या पिकल्या धानात घुसला. घराचं वर्षभराचं पोट धानाच्या त्या बांधीत, त्या एवढ्याशा शेतात होतं. भाऊंनी चाप ओढला. फुस्स! दुसरं काडतूस, तेही फुस्स!

“काऊन वं, आतून वाळवले नाई का?”

“मले वाटलं, चमकले म्हंजे झालं!” रुखमाबाई रडवेल्या झाल्या. मग एकाएकी त्यांनी पदराची गाठ सोडली आणि मला ओठांशी धरलं. मी जिवाच्या आकांतानं वाजलो! शिटी ऐकून पाहुणे घासलेली ताटं, गंज-पातेली बडवतच धावले. डुकरांनी जी धूम ठोकली!

भाऊ पोट धरून हसले. “बंदुकीपक्षा तुह्या शिटीलेच भेले डुकरं!”

तेव्हापासून पहिली आंघोळ माझी. रुखमाबाई तर प्रत्येक काडतूस उजेडाला धरून आत डोकावतात.

मित्रांनो, काहीही घासाल तर आतूनही पुसा, वाळवा. आणि चेपलंबिपलं म्हणून कुणाला फेकून देण्याआधी, एकदा फुंकर मारून बघा.