काचेतल्या जहाजाचा ओला रंग

मी एक जहाज आहे, पण पाणी मला ठाऊक नाही. कन्नड मुलखातल्या के. आर. पुरममधल्या मोहनकुमारच्या ट्रॅव्हल ऑफिसात, दर्शनी काचेमागे मी उभी असते. हातभर लांबीची, सागवानी. माझी थोरली, म्हणजे जिची मी प्रतिकृती, ती खऱ्या समुद्रात प्रवासी घेऊन फिरते. लोक मला बघतात आणि तिचं तिकीट काढतात.

थोरली नवी होती तेव्हा तिच्या कंपनीने मला बनवून घेतलं. कारागिराने माझ्या कमरेभोवती एक उघडी गॅलरी कोरली आणि तिला सुईएवढ्या बारीक गजांचा कठडा लावला. थोरलीवर या गॅलरीतून जहाजाला पूर्ण प्रदक्षिणा घालता यायची. डावीकडे समुद्र, अंगावर वारा, मध्ये काच नाही.

मग थोरलीचं नूतनीकरण झालं. कंपनीने मोहनकुमारला पोस्टर पाठवलं, ‘संपूर्ण नवं जहाज’. सोबत प्लॅस्टिकची एक इवलीशी घसरगुंडी आली. त्याने ती गोंदाने माझ्या डोक्यावर चिकटवली. झालं माझंही नूतनीकरण.

त्यात इथली एक रीत अशी, की दरवर्षी दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मोहनकुमार मला पांढऱ्या रंगाचा ताजा हात देतो. वाहनाची पूजा करायची तर ते चकाकायला नको का? दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक काचेपाशी थांबतं आणि म्हणतं, “अगदी नवीन दिसतंय हो जहाज.” रंग माझा आणि कौतुक थोरलीचं.

माणसांच्या या अकलेपुढे मी लाकडाची असून थक्क होते. हीच माणसं नारळ घेताना कानाशी हलवून बघतात. भाड्याचा फ्लॅट बघायला गेली की सगळे नळ सोडून पाहतात. पण जहाज निवडताना ‘नूतनीकरण’ हा एक शब्द ऐकला की गप्प. नेमकं काय नवं केलं? खोल्या, की नुसते खोल्यांतले पडदे? काय काढून टाकलं? त्याच जहाजात माणसं किती वाढवली? कोणी विचारत नाही. घसरगुंडी दिसली ना, बास.

कस्तुरीनेही विचारलं नव्हतं. ती नागपूरची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. थोरलीवरून परतली आणि थेट इथे येऊन हिंदीत कडाडली, “ती गॅलरी कुठाय? तिथे खोल्या बांधल्यात, उरलेल्या जागेत दुकानं. माणसं वाढवली आणि लिफ्ट तेवढ्याच. बाल्कनीत जायला वीतभर उंच उंबरा, तो तसाच. नवं काय, तर गालिचे.”

“सरी, ठीक आहे मॅडम, कंपनीला कळवतो,” मोहनकुमार म्हणाला. त्याने कोणालाच कळवलं नाही. बुकिंग करणाऱ्या शिल्पाश्रीने मात्र सगळं ऐकलं आणि मान खाली घातली. त्या महिन्यात तिने थोरलीची आणखी तिकिटं विकली. मान खाली घालूनही तिकिटं विकता येतात.

आणि मग गुंडूराव आले. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड, अशा चार पिढ्या इथे गेलेल्या. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई दोन्ही गुडघे गेल्यापासून चाकांच्या खुर्चीत असतात. त्यांना एकच हवं होतं. उघड्या समुद्राच्या वाऱ्यात एकदा बसायचं. काचेमागून नाही, खोलीतून नाही. डॉक्टर म्हणाले होते, जायचं तर यंदाच जा.

मोहनकुमारच्या ऑफिसचंही नूतनीकरण झालंय बरं का. चकचकीत ग्रॅनाइट, तीन पायऱ्या, उतार नाही. त्यामुळे गुंडूराव आत, आणि जिला जायचंय ती बाहेर फुटपाथवर. सुनंदाबाई काचेतून माझ्या गॅलरीकडे बघत राहायच्या. मी त्यांच्याकडे बघायचे. मला दात असते तर तो लाकडी कठडा मी उपटून त्यांच्यापुढे टाकला असता.

“अण्णा, जहाज एकदम नवं केलंय,” मोहनकुमार म्हणायचा. “अक्का खूश होतील बघा.”

गुंडूराव माझ्याकडे बघून मान डोलवायचे. आयुष्यभर भांडी विकणारा माणूस, आणि रंगाला भुलला. ठरलं, पूजेच्या दिवशी पैसे भरायचे.

पूजेला मला बाहेर फुटपाथवर आणलं, दोन स्कूटर आणि मोहनकुमारच्या गाडीच्या रांगेत. कुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबू. कोहळा फुटला, चुरमुरे वाटले. सुनंदाबाईंची खुर्ची माझ्या शेजारीच होती. पहिल्यांदाच आमच्यात काच नव्हती. त्यांनी हात लांबवून माझ्या कठड्यावर बोट ठेवलं. बोट पांढरं झालं.

“अहो, हे ओलं आहे.”

“काल रंग दिला अक्का,” मोहनकुमार हसला. “दरवर्षी पूजेला देतो.”

सुनंदाबाईंनी बोट नवऱ्यापुढे धरलं. “आपल्या दुकानात जुन्या पातेल्याला कल्हई केली तर तुम्ही ते नवं म्हणून विकता का?”

“छे. भोक असेल तर कल्हईनं बुजतंय होय? पाणी घालून बघायचं.”

“मग इथे का नाही बघत?” त्या मोहनकुमारकडे वळल्या. “माझी खुर्ची या गॅलरीतून फिरेल ना, मोहनकुमार?”

“स्वल्प... जरा कंपनीला विचारून...”

“कशाला विचारायचं?” शिल्पाश्री चुरमुऱ्यांचं ताट धरून उभी होती. “अक्का, ती गॅलरी आता नाही. तिथे खोल्या आहेत. बाल्कनीला उंबरा आहे, खुर्ची जाणार नाही.”

“शिल्पाश्री, आत जा.”

“जाते. पण गॅलरी नाही.”

गुंडूरावांनी पैशांचं पाकीट परत खिशात घातलं. “पूजेच्या दिवशी तरी खरं बोलायचं होतंस रे,” एवढंच म्हणाले.

नंतर शिल्पाश्रीनेच त्यांना दुसरं जहाज शोधून दिलं. लहान, जुनाट, ना पोस्टर ना घसरगुंडी. पण चहूबाजूंनी उघडी गॅलरी आहे आणि दारांना उंबरे नाहीत. गॅलरी आणि दारं, दोन्हींचे फोटो तिने आधी मागवून घेतले. पुढच्या आठवड्यात सुनंदाबाई निघताहेत.

मी पुन्हा काचेमागे आले आहे आणि लोक पुन्हा म्हणताहेत, “अगदी नवीन दिसतंय.” म्हणा बापडे. फक्त जवळ येऊन बघा. माझ्या कठड्यावर सुनंदाबाईंच्या बोटाचा ठसा वाळून पक्का झालाय, आणि त्या ठशात खालचा जुना, मळका रंग दिसतो. मोहनकुमार म्हणतो, पुढच्या पूजेला तो बुजवून टाकू. तोवर तरी तिकीट काढण्याआधी एकदा काचेवरून तिथे बोट ठेवा, आणि मग आत जाऊन विचारा, नेमकं काय नवं केलं ते.