समुद्राकडची रांग

बाहीच्या विणीत अडकलेलं स्प्रूसच्या झाडाचं सुकं, सुईसारखं पान ओस्ला नखाने काढू बघत होती—निघेना. स्वेटर बाबांचा. पान कधीचं? झाडांची रांग तोडली तेव्हाचं, की परवाच्या वादळात आडव्या झालेल्या झाडांचं... सुकल्यावर सगळी सारखीच दिसतात.

"उभ्याउभ्या झोपलीस काय गं?" शेजारचे इर्टीकाका दगडी कुंपणापलीकडून ओरडले. वारा अडवायला खांबांवर बांधायचं म्हणून मासेमारीचं जुनं जाळं ट्रॅक्टरवर टाकून ते सकाळीच आले होते. "धर टोक. तिकडे शहरात, ॲबर्डीनला, गाठी मारायला शिकवत नाहीत वाटतं?"

"शिकवतात. इतकं ओरडून नाही शिकवत."

तिने टोक धरलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, ते बरंच झालं. समोर खुंटांची ओळ—बाबा इस्पितळात असताना तिनेच माणूस बोलावून तोडून घेतलेली. सगळ्यात बाहेरची, समुद्राकडची रांग : कुबडी, तांबूस पडलेली, खाऱ्या वाऱ्याने अर्धमेली झाडं. आणि त्यांच्यामागे बाबांनी जन्मभर वाढवलेली राई. बाकीच्या बोडक्या बेटावरची पोरं तिथे झाड कसं असतं ते बघायला यायची. बाबा घरी आल्यावर त्यांना खाटेवरून समुद्र दिसावा, होड्या दिसाव्यात, एवढंच तर... पण जिथे कोबी लावायचा तरी आधी वाऱ्याला आडवी भिंत बांधतात, त्या बेटावर वाढलेल्या मुलीला कळू नये, की ती अर्धमेली झाडंच बाकीच्यांना जगवत होती? कळत असणार. तरी कुठेतरी वाटलंच होतं—झाडांपेक्षा मी दिलेला समुद्र त्यांना जास्त आवडेल.

बाबा खिडकीतून बराच वेळ बघत राहिले होते. "छान दिसतो गं," म्हणाले. मग दोनेक दिवसांनी खाट टेकडीकडे वळवायला सांगितली. उजेड डोळ्यांवर येतो म्हणाले. तिने वळवली.

सप्टेंबरात ते गेले. आणि आता जानेवारीत, परवाच्या वादळात, निम्मी राई.

"जाळं चांगलं आहे, काका. कुठून काढलंत?"

"उन्हाळ्यापासून माझ्या खोपटात पडलंय. तुझ्या बापानेच सांगून ठेवलं होतं."

"कधी?"

"इस्पितळातून आला तेव्हा. मी म्हटलं, उद्याच बांधतो. तर अंगावर आला माझ्या. म्हणे, पोरगी आहे तोवर हात लावायचा नाही. ती ॲबर्डीनला परतली की बांध." काकांनी दोरी दातांत धरली, सोडली. "तू कुठे परतलीस? त्या घरात चूल धरून बसलीस. आता वादळानंतर म्हटलं, मेलेल्याचा हट्ट किती दिवस पाळायचा... ओढ!"

तिने ओढलं. जाळं फुगलं, खांब करकरले, समुद्राचे बारीक बारीक चौकोन झाले. उजेड डोळ्यांवर येतो... खरं तर जाळं बांधताना पाहून तिला आपली चूक कळू नये, म्हणून त्यांनी झाडं वाऱ्यावर सोडली होती. आणि ती थांबली होती—त्यांच्यासाठी, त्यांच्या स्वेटरात, आठवड्यामागून आठवडे.

"गाठ पक्की मार."

"मारतेय."

पाठीमागे उरलेल्या झाडांचा आवाज थोडा खाली आला. मनात केव्हापासून तयार ठेवलेलं 'माझं चुकलं' तिने शोधलं, तर त्याच्या जागी काही भलतंच होतं, तापलेलं, जवळजवळ राग—एकदा ओरडायचं होतंत ना, बाबा. मी रडले असते, भांडले असते, दार आपटून गेलेही असते... झाडं तरी राहिली असती.