गार उजेड

सासूबाईंच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि बदकाची पिल्लं जावयाच्या गळ्यात पडली.

खरं तर ती कोंबडीची जबाबदारी होती. अंडी तिनेच उबवली होती. पण बाहेर आल्या आल्या पोरं पाण्याच्या ताटलीत जाऊन बसली. ते पाहून तिने मान वाकडी केली आणि या घराण्याशी आपला काही संबंध नाही असं ठरवून ती भिंतीवर जाऊन बसली.

"उबेत ठेवायचं त्यांना," सासूबाई बॅगेची चेन लावत म्हणाल्या. "खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. पाणी उथळ, चोच बुडेल एवढंच. भिजली की गारठतात. वर जाळी, मांजर फिरतंय. आणि वरून एक बल्ब सोडायचा. जमेल ना, जावईबापू?"

जावईबापू धंद्याने वायरमन. बल्ब लावायला जमेल का, असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण याच सासूबाईंनी स्वतःच्या घरचा पंखा दुरुस्त करायला दुसऱ्याच माणसाला बोलावलं होतं. पिल्लं धडधाकट परत केली तर निदान त्या घरातल्या एखाद्या बटणाला हात लावायची परवानगी मिळेल, अशी त्याला आशा होती.

त्याने टीव्हीचं रिकामं खोकं आणलं. खाली गोणपाट, वर जाळी, ताटलीत खडे. मग वायरिंग. दोन्हीकडून चालणारं बटण, फ्यूज, आणि करंट आहे हे कळावं म्हणून लाल इंडिकेटर. ते कळून पिल्लं काय करणार, हा विचार त्याने बाजूला ठेवला.

बल्ब लागला. खोकं दुधासारखं उजळलं. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढली आणि ओरडायला लागली. आनंद झाला असेल म्हणून त्याने दुसरा बल्ब लावला. ती आणखी ओरडली. तिसऱ्या बल्बनंतर मावशींचं ऑपरेशन त्या खोक्यातही करता आलं असतं.

बायको कामावरून आली, चपला काढल्या आणि जाळी सारून आत हात घातला.

"अहो, हे गार आहे."

"एलईडी आहे. हात लावून बघ, गरम होत नाही."

वाक्य आपोआप तोंडातून निघालं. त्याचा सगळा धंदा याच वाक्यावर उभा होता. हेच म्हणत त्याने गल्लीतल्या घराघरांत स्टुलावर चढून जुने पिवळे बल्ब उतरवले होते. लोकांनी ते पुन्हा लावू नयेत म्हणून दुकानामागे नेऊन फोडलेही होते.

बायकोने खोक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काय दिवे लावलेत," एवढंच म्हणाली आणि पिल्लं शालीत गुंडाळून मांडीवर घेतली. "जा आता. गरम होणारा शोधा."

गल्लीत असा एकच बल्ब उरला होता. समोरच्या काकूंच्या बाथरूममध्ये. काकूंनी वायरमनला दारातूनच परत पाठवलं होतं आणि त्याने चारचौघांत त्यांच्या बल्बला म्हातारा म्हटलं होतं. काकूंनी तो शब्द फक्त बल्बपुरता घेतला नव्हता.

"काकू, तुमचा तो बल्ब..."

"बदलायचा नाहीये."

"बदलायला नाही आलो. मला हवाय."

"कशाला?"

"गरम होतो म्हणून."

"जरा मोठ्यानं बोल रे. हल्ली कमी ऐकू येतं."

पलीकडच्या बिल्डिंगमधलं भांडण काकूंना शब्दन् शब्द ऐकू यायचं.

"तुमचा बल्ब गरम होतो म्हणून," तो गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाला.

"मग ये की आत."

पण बल्ब उतरवायला त्या तयार होईनात. "जुना आहे. हलवलास की आतली तार तुटलीच." हे खरं होतं, त्यामुळे त्याला जास्तच राग आला. बल्ब पिल्लांकडे येत नाही म्हटल्यावर पिल्लांना बल्बकडे जावं लागलं. बल्ब छताजवळ. म्हणून टब उपडा घातला, त्यावर स्टूल, स्टुलावर विटा, विटांवर खोकं. पिल्लं चोची वासून कडेकडेला पळाली. त्याने एक वीट काढली. मग ती बल्बखाली दाटीवाटीने गोळा झाली. त्याने अर्धी वीट घातली. तेव्हा कुठे ती पाय ताणून, कुणीतरी सांडल्यासारखी गोणपाटावर झोपली.

त्याचा रेग्युलेटर म्हणजे आता विटा. दुकान सोडून तो तिथेच बसायला लागला.

काकू आंघोळीला त्याच्या घरी येऊ लागल्या. "उजेड फार आहे गं तुमच्याकडे," त्या त्याच्या बायकोला सांगत. "माणसाला स्वतःचीच लाज वाटते. आणि गारठा वेगळाच."

सासूबाई परत आल्या तेव्हा लेकीच्या घरात काकू केस पुसत होत्या, आणि जावई काकूंच्या बाथरूममध्ये आहे असं कळलं. त्या तशाच बॅगेसकट समोर गेल्या. काकू मागोमाग. सासूबाईंनी टबापासून बल्बपर्यंत सगळा मनोरा नजरेने चढून पाहिला, टाचा उंच करून जाळी सारली आणि ओठ हलवत पिल्लं मोजली.

"सगळी आहेत," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात वर टिक् झालं आणि बल्ब गेला.

"मी म्हटलं होतं, हलवू नको," दारातून काकू म्हणाल्या.

"मी हात लावला नाही."

खोक्यात चिवचिवाट सुरू झाला. शर्टाची वरची बटणं सोडून त्याने एकेक पिल्लू आत घेतलं, बटणं लावली आणि भिंतीला टेकून बसला. शर्ट जरा वेळ हलत राहिला. मग शांत झाला.

सासूबाईंनी वाकून त्याच्या गळ्याला उलटा हात लावून पाहिला.

"तापलंय अंग. ताप आहे का?"

"नाही. माझं असंच असतं."

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी बल्ब शोधून येतो. तुम्ही उठू नका. आणि श्वास हळू घ्या, हलतात ती."

त्या गेल्या. पाठोपाठ त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईक होतं.

"वायरमन ना? घरात अंधार आहे हो सकाळपासून."

"आज जमायचं नाही. अंगावर पिल्लं आहेत."

"लहान आहेत का?"

"अजून पिसं फुटायचीत."

पलीकडून 'पिसं?' असं पुटपुटणं ऐकू आलं.

"बरं," गिऱ्हाईक म्हणालं. "मग उद्या या."