यंदाच्या शाली

पिंप्राळ्यातील माणकचंद शेठजींच्या केळी-वेफर्सच्या कारखान्यात दिव्यांगांविषयीचे प्रशिक्षण म्हणजे वर्षातून एकदा होणारा नूतनचा सत्कार, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत होती. हिशेब सांभाळणाऱ्या नूतनला चाकाच्या खुर्चीसह चौघे जण व्यासपीठावर उचलून ठेवीत. शेठजी तिला शाल पांघरवीत आणि ती रोज कामावर येते, एवढ्याबद्दल गहिवरून बोलत. धुळ्याच्या नव्या शाखेची व्यवस्थापक होण्याची तिची मागणी मात्र ते तितक्याच गहिवराने फेटाळीत. "तिथं पायऱ्या आहेत, बेटी. तुला त्रास कशाला?"

यंदा प्रशिक्षणाची आखणी तिने स्वतःकडे मागून घेतली. शेठजींनी एकच अट घातली: सत्कार झालाच पाहिजे. तिने ती आनंदाने मान्य केली.

कार्यक्रम पॅकिंगच्या दालनात, सपाट फरशीवर झाला. पॅकिंगमधल्या पुनमला ऐकू येत नसे. म्हणून कोणीही काही बोलले, की कार्यालयातली विधी ते लगोलग संगणकावर टिपी आणि ते समोरच्या पडद्यावर उमटे.

"पहिला सत्कार विक्री विभागातील जिनेश यांचा," नूतन गंभीरपणे म्हणाली. "हे रोज स्वतःच्या पायांनी जिना चढतात. आणि तरीही हसतमुख असतात!"

शाल पांघरलेला जिनेश आधी हसला, मग चुळबुळला. "ताई, यंदा सगळ्यात जास्त माल मी विकला, त्याचं काही?"

"ते राहू द्या. डबा आपल्या हातानंच खाता ना?"

पडदा वाचून पुनम खदखदून हसली. वजनकाट्यावरचे जीवराम आबा ओरडले, "शेठजी, आते तुमना नंबर शे!"

शेठजींवर शाल पडली. नूतनने आवाजात गहिवर आणला. "शेठजींना चष्म्यावाचून दिसत नाही. अशा अवस्थेतही ते कारखाना चालवतात! त्यांना धुळ्यापर्यंतच्या प्रवासाचा त्रास आपण कदापि होऊ देणार नाही."

"अगं, मी धुळ्याला जायचं की नाही, हे ठरवणारी तू कोण?"

विधीने तेही निष्ठेने टिपले. सारे दालन पडद्याकडे पाहत राहिले. शेठजींनीही चष्मा सावरून ते वाचले, आणि पुन्हा एकदा वाचले.

मग त्यांनी शाल काढून नीट घडी घातली. "पण पायऱ्यांचं काय?"

"पायऱ्या तुमच्या आहेत, शेठजी. शेजारी उतार बांधा."

"गवंडी उद्याच पाठवतो. तूही जा, शाखा तुझी, उतारही तुझ्या पसंतीचा हवा." ते घुटमळले, हातातल्या घडीकडे त्यांनी आशेने पाहिले. "काम झाल्यावर त्या गवंड्याचा तरी सत्कार करू ना?"

"काम चांगलं झालं, तर अवश्य," धुळे शाखेच्या व्यवस्थापक म्हणाल्या.