नंदीशची उशी

नंदीशची माती झाली, पाहुणे पांगले आणि दोन-चार दिवसांतच नागव्वानं सुनेच्या पलंगावरून त्याची उशी उचलून आपल्या खोलीत नेली. राजेश्वरीनं ते पाहिलं. अक्कलकोट रोडवर टेम्पोनं त्याच्या मोटारसायकलला मागून उडवलं होतं आणि नंदीश जागीच गेला होता. घरात आता सासू-सून दोघीच. राजेश्वरी सकाळी डबा घेऊन युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जायची. नागव्वा दिवसभर एकटी.

त्या उशीला नागव्वा कुणाला हात लावू देत नव्हती. उन्हात टाकायची नाही, अभ्रा बदलायचा नाही. कापसाची जुनी उशी, मधोमध तेलानं काळपट पडलेली. उन्हाळाभर नागव्वा उशाशी कूलर लावून झोपली, त्याचं ओलसर वारं उशीला लागत राहिलं. पावसाळ्यात खोलीच्या भिंतीला ओल आली. दसऱ्याच्या सुमाराला खोकला सुरू झाला. आधी कोरडा, मग असा की न्हाणीपर्यंत जाऊन आली तरी नागव्वा दाराला धरून उभी राहायची.

छातीच्या डॉक्टर रेश्मा मॅडमनी फोटो काढले, रक्त तपासलं, आणि मग विचारलं, "झोपतात कशावर?"

राजेश्वरीनं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, अभ्रा वर करून उशीचा फोटो काढून आणा. सासू अंघोळीला गेल्यावर तिनं मोबाइलवर फोटो काढला. कापडावर मोहरीएवढे काळे ठिपके पसरले होते.

"बुरशी आहे," मॅडम म्हणाल्या. "तोंड खुपसून झोपत असतील तर रोज ती छातीत जातेय. फुप्फुसं आतून कडक व्हायला लागलीत. ही उशी घरात ठेवू नका. उन्हात टाकूनही भागणार नाही. धुता येईल अशी घ्या."

नवी पेठेत मानसिंग नावाच्या माणसाचं गाद्यांचं दुकान होतं. राजेश्वरी कारखान्यातून थेट तिथं गेली.

"कुणासाठी पाहिजे?" त्यानं विचारलं.

"सासूबाईंसाठी."

"कुशीवर झोपतात का उताण्या?"

"उजव्या कुशीवर. भिंतीकडं तोंड करून."

"मग अगदी पातळ नको. खांद्यापासून मान खाली लोंबकळते."

त्यानं एक फोमची दाखवली. दाबली की हळूहळू वर येणारी. राजेश्वरीनं बाकावर आडवं होऊन डोकं ठेवून बघितलं. फार सुखाची वाटली. पण ती पाण्यात घालता येत नाही म्हटल्यावर तिनं परत दिली. सावरीच्या कापसाची तर नकोच. शेवटी फायबरची, मध्यम उंचीची एक घेतली, वर चेनचा घट्ट विणीचा अभ्रा. दुकानातून निघताना तिच्या लक्षात आलं की नंदीश कसा झोपायचा हे कुणी विचारलं असतं तर तिला क्षणभर आठवावं लागलं असतं.

नागव्वानं नवी उशी हातातही घेतली नाही.

"डॉक्टरनं सांगितलंय, आत्या. त्या उशीनंच तुमाला धाप लागतीय."

"लागू दे."

"असं काय करताय?"

"आपल्यात मेलेल्या माणसाला बसवून पुरत्यात, राजे. माज्या पोराला पाठ टेकायलाबी मिळाली न्हाय. त्याचं डोकं टेकायची एवडी जागा तरी ऱ्हाऊ दे की."

राजेश्वरीनं नवी उशी कपाटात ठेवली. तिनं महिनाभर तो विषय काढला नाही. गोळ्या देत राहिली, वाफ देत राहिली. मॅडमनी विचारलं तेव्हा 'बदलली' असं सांगितलं.

संक्रांतीनंतर एका सकाळी नागव्वाचे ओठ निळे पडले. शेजारच्या मल्लिनाथनं रिक्षा आणली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि राजेश्वरी कपडे न्यायला घरी आली. खोलीत पलंगावर उशी होती. सासू नसताना ती पहिल्यांदाच उशीजवळ बसली. मग वाकून तिनं तोंड उशीत खुपसलं.

बामाचा वास आला. ओल्या भिंतीचा आला. नंदीशचा नाही. तिनं उशी उलटी करून पुन्हा हुंगली, शिवणीपाशी हुंगली. कुठंच नाही.

बाहेर घंटागाडीचं गाणं वाजत होतं. राजेश्वरी उशी घेऊन बाहेर गेली आणि स्वतःच्या हातानं ती गाडीत टाकली. पुढच्या घरचा भाजीपाल्याचा कचरा उशीवर पडेपर्यंत ती तिथंच उभी होती.

नागव्वा घरी आली ती घरातल्या ऑक्सिजनच्या मशीनसकट. पलंगावर नवी उशी होती.

"ती कुटं हाय?"

"टाकली."

"कुटं?"

"घंटागाडीत."

नागव्वानं नवी उशी खाली सरकवली आणि हात उशाला घेऊन भिंतीकडं तोंड केलं. पुढं बरेच दिवस ती सुनेशी बोलली नाही. ताट ठेवलं की जेवायची, गोळी दिली की गिळायची. खोकला थोडा कमी झाला, पण धाप नाही. मॅडम राजेश्वरीला बाजूला घेऊन म्हणाल्या, आतलं जे कडक झालंय ते आता परत मऊ होणार नाही. उशी आधीच काढली असती तर हे थांबलं असतं का, हे राजेश्वरीनं विचारलं नाही.

फाल्गुनातल्या एका दुपारी ती सासूचे पाय चेपत होती. नागव्वानं नाकावरची नळी जरा सारली.

"राजे, तुला त्याचा वास आला का गं? टाकायच्या आदी हुंगली असशीलच की."

राजेश्वरीचे हात थांबले. "आला की," ती म्हणाली.

नागव्वा छताकडं बघत म्हणाली, "मला न्हवता येत. लई दिवस झालं. मला वाटायचं, माजं नाकच मेलं. आन् तुला हुंगाय दिली आन् तुला आला, तर? म्हणून दिली न्हाय तुला."

राजेश्वरी खरं सांगायला निघाली होती. सासूचा श्वास वर-खाली होत होता, मशीन घरघरत होतं. ती पुन्हा पाय चेपू लागली.

"उचल मला जरा," नागव्वा म्हणाली.

तिनं मानेखाली हात घालून तिला उचललं आणि नवी उशी सरकवली. नागव्वानं डोकं टेकलं.

"बरी हाय," ती म्हणाली. "वास कसलाच न्हाय."

चैत्र लागायच्या आत ती गेली.