नाव न घेतलेलं प्रवचन

मी पुलपीट बोलतोय, चर्चमध्ये पास्टर ज्याच्यामागे उभा राहून प्रवचन करतो ते लाकूड, असं म्हटलं की तुम्ही लगेच ताठ बसाल, मोबाइल पालथा घालाल आणि मनातल्या मनात घड्याळ लावाल. मला नका सांगू. चाळीस वर्षं तुमचेच चेहरे समोरून पाहिलेत मी. कोण डोळे मिटून प्रार्थना करतो आणि कोण डोळे मिटून झोपतो, हे मला पास्टरपेक्षा जास्त कळतं. पण आज प्रवचन नाही. आज माझीच गोष्ट सांगणार आहे, आणि ती काही गोड नाही.

मी सागाचा. गिरडच्या बाजूच्या जंगलात उभा होतो तोवर सुखात होतो. माझा जन्म म्हणजे नुसता मार. आधी कुऱ्हाड, मग करवत, मग रंधा. वडनेरच्या अलीकडच्या आमच्या गावात बंडूजी सुतारानं मला घडवलं. मी कडक, त्याचे खिळे वाकायचे आणि तो तोंडातल्या तोंडात मला शिव्या द्यायचा. पुलपीट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तानबा पास्टरला विचारलं, "याच्यावर ठेवाचं काय जी?"

तानबा म्हणाला, "शास्त्र ठेवाचं अन् हात आपटाचा. मजबूत कर."

हा तानबा आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, पहिला पाळक. शेतमजुराचा मुलगा, शिकलेला जेमतेम सातवी. आवाज असा की चर्चबाहेर बांधलेले बैल कान टवकारायचे. आणि त्याची एक खोड होती, तो नाव घेऊन बोलायचा. कुणी भावाच्या शेताचा धुरा कोरून बांध सरकवला, कुणी विधवेची मजुरी दाबली, की रविवारी त्याचं नाव माझ्यावरून निघालंच म्हणून समजा. लोक इतके टरकून असायचे की शनिवारी दुपारपासून गावात समेट सुरू व्हायचे. माणसं हात जोडून एकमेकांच्या घरी जायची. का? तर उद्या तानबानं नाव घ्यायला नको.

आमचा जिल्हा कागदावर कोरडा. दारूबंदी आहे म्हणतात. नाल्याकाठच्या मोहाच्या भट्ट्यांना मात्र ते कुणी कळवलेलं नाही. त्यातली एक भट्टी आमच्याच रूपरावची होती. हा रूपराव दर रविवारी पहिल्या रांगेत बसून गळा काढून गायचा. एके रविवारी तानबानं त्याचं गाणं संपू दिलं आणि म्हणाला, "रूपराव, तू इथं गाते अन् तिथं विष उकळते. तुह्या दारूनं मेले त्या दोघाईच्या बायका तुह्या मागच्याच चटईवर बसल्या आहेत. मागं पाहून घे."

रूपरावनं मागं पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याची चार माणसं भरदुपारी चर्चमध्ये शिरली. तानबा एकटाच होता. त्यांनी त्याला माझ्यावर पालथा पाडला आणि उजवा हात पिरगाळून खांद्यातून निखळवला. हाडाचा तो आवाज मी माझ्या फळीतून ऐकला. एकानं जाता जाता माझ्या डाव्या कुशीत कुऱ्हाड घातली. पुढच्या रविवारी तानबा हात गळ्यात बांधून आला आणि पुन्हा रूपरावचंच नाव घेतलं. भट्टी विझायला सात महिने लागले. पण विझली.

तानबा गेला. मग दोघे आले आणि गेले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मग आला रत्नदीप.

रत्नदीप वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुमचा सगळा राग त्याच्यावर निघेल. पिपरी मेघेत राहायचा, मोटारसायकलवर यायचा. पदवी घेतलेला, आवाज मऊ, कपडे स्वच्छ. प्रवचनाला मुद्दे तीन आणि तिन्ही एकाच अक्षरानं सुरू होणारे. प्रेम, प्रार्थना, प्रतीक्षा. ऐकायला किती छान. लोक चपला घालेपर्यंत विसरायचे. माझ्यावर हात आपटणं सोडा, तो माझ्यावर टेकायचासुद्धा नाही. अकरा वर्षं मी त्याचे कागद धरून उभा होतो आणि माझ्या अंगावर एक ओरखडा आला नाही. लाज वाटते सांगताना.

त्याची भीती काय होती तेही सांगतो. मंडळीचे पंच होते बाबाराव. छताचे पंखे त्यांचे, माइक त्यांचा, भिंतींचा रंग त्यांचा. बाबारावांची चिठ्ठी वर गेली की पास्टरची बदली ठरलेली. रत्नदीपच्या आधीच्या दोघांची तशीच झाली होती.

एका गुरुवारी दुपारी मोहिनी आली. मोहिनी म्हणजे बाबारावांची सून, त्यांच्या धनंजयची बायको. चर्चची किल्ली सांभाळणारी धुरपताबाई फरशी पुसत होती, रत्नदीप खुर्च्या लावत होता. मोहिनी पहिल्या बाकावर बसली आणि तिनं गळ्याभोवतीचा पदर काढला. गळ्यावर पाचही बोटं उमटलेली होती, जुनी पिवळी आणि त्यावर नवी काळीनिळी.

"पास्टरसाहेब, धनंजय मले मारते," ती म्हणाली. "सासरे खुर्ची टाकून पाह्यतेत."

"मी प्रार्थना करीन, मोहिनीताई."

"प्रार्थना मी पन करतेच. तुमी बोला. सासरे कोनाचं ऐकत नाई, पन इथून सांगतलेलं ऐकतेत. घरात सारखं पास्टर असं म्हनाले, पास्टर तसं म्हनाले. एकडाव त्याईचं नाव घेऊन बोला. नाईतं मी काई वाचत नाई."

रत्नदीपनं हातातली खुर्ची खाली ठेवली. "नाव घेतलं तर चारचौघांत अपमान होईल, ते आणखी चिडतील. मी सुचवून बोलतो. समजणाऱ्याला समजेल."

धुरपताबाईनं पोछा बादलीत टाकला. "ज्याले समजते तो मारते काऊन, पास्टरसाहेब?"

तो पुन्हा खुर्च्या लावू लागला. मोहिनीनं पदर पुन्हा गळ्याभोवती गुंडाळला आणि ती निघून गेली. माहेरी कुणी उरलं नव्हतं तिच्या. जाणार कुठं?

रविवारी प्रवचनाचा विषय होता घरातली शांती. मुद्दे तीन. समजूत, सहनशीलता, समर्पण. रत्नदीपनं समजूत हा शब्द उच्चारताना बाबारावांकडे पाहिलं. त्याच्या हिशेबानं झालं, सुचवलं. बाबारावांनी मान डोलावली. मग सहनशीलता आली आणि बाबारावांनी मान वळवून बायकांच्या बाजूला, थेट मोहिनीकडे पाहिलं. त्यांच्यामागोमाग सगळ्या मंडळीनं पाहिलं. सगळ्यांना समजलं, हे प्रवचन सुनेसाठी आहे. रत्नदीपच्याही लक्षात आलं. तेवढ्यात तो म्हणू शकला असता, बाबारावजी, तिकडे नका पाहू, मी तुमच्याशी बोलतोय. पण त्यानं पान उलटलं.

बाहेर पडताना बाबारावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "छान बोलले पास्टरसाहेब. आमच्या घरी याचीच गरज होती."

सोमवारी सकाळी मोहिनीनं पिशवी भरली आणि मी चालली म्हणून सांगितलं. धनंजयनं कुऱ्हाडीचा दांडा घेतला. हे सगळं मला धुरपताबाईनं सांगितलं, कारण तिचं घर भिंतीला भिंत लागून आहे आणि फरशी पुसताना ती माझ्याशीच बोलते. प्रत्येक फटक्याला तो म्हणत होता, "पुलपीटावरूनच सांगतलं ना तुले? सहन कर." बाबाराव खुर्चीवरून म्हणत होते, "पास्टरनं सांगतलं तेच सांगून राह्यला तो." धुरपताबाई मध्ये पडली, मनगटावर एक दांडा खाल्ला आणि मोहिनीला फरफटत बाहेर काढलं. जबडा दोन ठिकाणी तुटला होता. बरगड्या दोन. एक कान कायमचा गेला.

मी लाकूड आहे. मी कधी कुणावर हात उगारला नाही. आणि त्या दिवशी माझं नाव घेऊन एक बाई फोडून काढली. सहन होत नाही मला ते, आजही होत नाही.

दवाखान्यात बाबारावांनी लिहून दिलं की सून पायरीवरून पडली. रत्नदीप भेटायला गेला. मोहिनीचा जबडा तारेनं बांधलेला होता, ती बोलू शकत नव्हती. त्यानं प्रार्थनेसाठी डोळे मिटले तेव्हा तिनं त्याचा हात ढकलला, कागद मागितला आणि त्यावर लिहिलं, "सहन केलं, पास्टरसाहेब."

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता, प्रभूची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा. मेजावर पांढरं कापड, भाकर, पेला. पेला फिरवायचा मान बाबारावांचा, ते पांढऱ्या सदऱ्यात मेजाजवळ उभे. धनंजय तिसऱ्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसलेला. रत्नदीप माझ्यामागे येऊन उभा राहिला. हातात कागद नव्हता.

"बाबारावजी," तो म्हणाला, "पेला खाली ठेवा."

बाबाराव हसले. त्यांना वाटलं काही राहून गेलं असेल.

"मागच्या रविवारी मी इथून खोटं बोललो. देवाच्या नावानं बोललो. मला बदलीची भीती होती, म्हणून मी मुद्दे सांगितले. आज मुद्दे नाहीत. धनंजय, तू तुझ्या बायकोला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलंस. बाबारावजी, तुम्ही खुर्ची टाकून पाहिलं आणि दवाखान्यात खोटं लिहून दिलं. आणि मंडळी, तुम्ही भिंतीला कान लावून ऐकत होता. या सगळ्यांच्या आधी दोषी मी आहे, कारण मला ती सांगून गेली होती. ती या बाकावर येऊन बसेपर्यंत या मेजावरून कुणालाही काही मिळणार नाही. मलाही नाही."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला होता. मऊपणा कुठं गेला कोण जाणे. माझी प्रत्येक फळी हादरत होती आणि मला, खरं सांगतो, आनंद होत होता.

धनंजय बाक ओलांडून आला. त्यानं माइकचा लोखंडी दांडा उपटला आणि पहिला फटका रत्नदीपच्या तोंडावर घातला. डोळ्यातून रक्ताची चिळकांडी माझ्यावर उडाली. बाबारावांच्या दोन पुतण्यांनी खाली पडलेल्या रत्नदीपला लाथा घातल्या. मेज उलटलं, पेला पांढऱ्या कापडावर सांडला. त्या रेटारेटीत मीही उलथलो, माझा पाय मोडला आणि मी रत्नदीपच्या अंगावर आडवा झालो. मी त्याला वाचवलं असं म्हणणार नाही, मला ढकललं होतं. पण पुढचे सात-आठ फटके माझ्या पाठीवर बसले, त्यातला एक त्याच्या डोक्यावर बसला असता तर तो उठला नसता. आणि माझ्याखालून तो बोलतच होता. मोहिनीचं नाव घेत होता.

पुरुष भिंतीला चिकटले होते. बायका उठल्या. धुरपताबाई प्लास्टरच्या हातानं दारात आडवी उभी राहिली आणि तिच्या मागं एकेक करून वीस-बावीस जणी. पोलीस येईपर्यंत त्यांनी धनंजयला बाहेर जाऊ दिलं नाही.

धनंजय आता तुरुंगात आहे, खटला चालू आहे. मोहिनीनं जबाब लिहून दिला. रत्नदीपचा डावा डोळा गेला आणि नोकरीही गेली. बाबाराव अजून पंच आहेत, तुम्हाला काय वाटलं? चर्चमध्ये आता चकचकीत काचेचं पुलपीट आणलंय. मला त्यांनी मागच्या उकिरड्यावर फेकलं होतं. धुरपताबाईनं बैलबंडीत घालून मला घरी आणलं आणि मोडक्या पायाखाली विटा लावल्या. तिच्या अंगणात, टिनाच्या छपराखाली, दर रविवारी अकरा-बारा माणसं जमतात. रत्नदीप बोलतो. बरा बोलतो आता.

गेल्या रविवारी मोहिनी उठली. जबड्याच्या तारा निघून महिना झाला होता. चेहरा एका बाजूला कलला आहे, शब्द सावकाश निघतात. आमच्या मंडळीत आजवर एकही बाई माझ्यामागे उभी राहिली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी मला धरलं.

"पास्टरसाहेब, तुमचा डोळा गेला, त्याचं मले दुख आहे. लोक तुमाले शूर म्हनून राह्यले. पन तुमी बोलले ते मी मोडल्यावर. मोडाच्या आदी मी आलती तुमच्याकडं."

रत्नदीपनं मान खाली घातली.

"मान खाली नका घालू, ऐका. या चटईवर आनखी एक बाई बसली आहे. तिचा नवरा दाराशी बसला आहे. तिनं तुमाले सांगतलं, मले ठाऊक आहे. तिचं अजून काई मोडलं नाई. आज काय बोलता?"

दाराशी बसलेल्या माणसानं चपला शोधायला सुरुवात केली. रत्नदीप उठला. तो माझ्याकडे आलाच नाही. सरळ दाराशी गेला, त्या माणसासमोर उकिडवा बसला, तोंडासमोर तोंड, आणि त्यानं सगळ्यांदेखत त्याचं नाव घेतलं.

मला कुणी विचारलंसुद्धा नाही. बरं झालं. आता चुलीत घातलंत तरी माझी काही तक्रार नाही.